पुढच्या वर्षीचा पहिला

एप्रिल संपत आला तरी पार्किंगच्या कोपऱ्यात
बर्फाचा एक काळा ढीग हटत नाही.
आत हीटर चालू, टीव्ही मोठ्या आवाजात.
कोटातला माणूस चिठ्ठी घेऊन माइकपाशी येतो:
सौदा झालाय.
आम्ही चौदाव्यावरून तिसऱ्यावर.
मोबदल्यात यंदाचा पहिला, यंदाचा दुसरा
आणि पुढच्या वर्षीचा पहिला.

बार क्षणभर गप्प.
मग काझ बीलाक स्टुलावरून असा उतरतो
जणू त्याच्याच खिशात कोणी हात घातलाय.
"एका पोराच्या खांद्यासाठी तीन माणसं!
हातचं सोडून पळत्याच्या पाठी!
यांना लहानपणी कोणी शिकवलं नाही?"

ओडेल पेटवे, छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला,
कागदी रुमालावर आकडे मांडतो.
प्रत्येक क्रमांकाला त्याने किंमत लावलीय:
तिसरा एवढ्याचा, चौदावा एवढ्याचा.
बेरीज करतो, चष्मा पुसतो, पुन्हा करतो.
"कागदावर आपण तोट्यात," तो म्हणतो,
"पण कागदावर पाहिलं तर
मीही या गावात राहायला नको होतो."

नबील सोडा पितो. नाक्यावरचं दुकान त्याच्या वडिलांचं.
"घाऊकात स्वस्त पडतं, काका, कबूल.
पण गिऱ्हाईक येतं ते एकच वस्तू मागत,
आणि तीच नसली
तर भरलेलं दुकानही रिकामं."

मरीबेथ रात्रपाळीला निघालीय, तरी दारात थांबते.
"तो आठवतो का, गुडघ्यावाला?
त्याच्यासाठीही असंच सगळं देऊन बसलो.
दुसऱ्या मोसमात गुडघा गेला.
आता टोलेडोत गाड्या विकतो."
"चांगल्या विकतो," मागून कोणीतरी,
"माझी त्याच्याकडचीच."

पाण्यात म्हैस, बाहेर मोल.
आणि आमच्या शहराच्या तर नावातच म्हैस.
कोणी पाहिलंय या पोराला
डिसेंबरात, सरोवरावरून वारा कापत येतो तेव्हा,
बोटांची लाकडं झालेली असताना चेंडू फेकताना?
पाहिलंय ते तिकडच्या उन्हात,
अर्ध्या चड्डीत, कोणाच्या तरी घड्याळासमोर धावताना.

मी ग्लास पुसते. मत देत नाही.
गल्ल्याखाली माझी वही आहे,
तिच्यात काझचं पान सगळ्यांत लांब.
पेन्शन एक तारखेला; आज सव्वीस.
पुढच्या वर्षीचं काही विकू नये म्हणून
जो टेबलावर मूठ आपटतोय
तो पितोय पुढच्या महिन्याची.

मला तरी काय तोंड आहे म्हणा.
पोलादाचा कारखाना बंद पडला त्या साली
आईचं घर गहाण टाकून मी ही जागा घेतली.
फायद्यात पडलं का, ओडेलने एकदा विचारलं होतं.
मी म्हटलं, दिवा तर लागतोय.
त्याने ते रुमालावर लिहिलं नाही.

टीव्हीवर फिकट निळ्या सुटातला उंच पोरगा
आईला मिठी मारतोय.
पर्स कुठे ठेवावी ते तिला कळत नाहीये,
शेवटी त्याच्याच पाठीवर टेकवते.
बारमध्ये कोणी काही बोलत नाही.
काझ चष्मा कपाळावर सरकवून जवळ जातो,
बराच वेळ पाहतो.
"हात मोठे आहेत," म्हणतो.
थोड्या वेळाने, कोणी विचारलेलं नसताना:
"मोठे आहेत हं हात."
आणि मला खूण करतो, वहीत लिही.

खुर्च्या टेबलांवर उलट्या करताना
माझ्या मनात भलताच पोरगा येतो.
पुढच्या वर्षीचा पहिला.
कुठल्याशा वसतिगृहात अजून जागा असेल,
उभ्या उभ्या वाडग्यात दूध ओतत असेल.
त्याला ठाऊक नाही की तो आमचा होता,
आज साडेआठपर्यंत.